आरओव्हीच्या डोममधे सारखं पाणी दिसतंय? ओ-रिंग बदलायच्या आधी पाणी मोजा

उजनी धरणात, जॅकवेलमधे (पाणी उपसायच्या विहिरीत) नाहीतर शेतातल्या विहिरीत छोटा आरओव्ही (केबलवरनं चालवायचं, कॅमेरा लावलेलं पाण्याखालचं यंत्र) सोडणाऱ्या आपल्या सोलापूर भागातल्या मंडळींची तक्रार बघितली तर बहुतेक वेळा तीच असते. डाइव्ह सुरू झाली की दहा-पंधरा मिनिटात डोम (कॅमेऱ्यापुढचं पारदर्शक गोल झाकण) आतून धुरकट होतो, कॅमेऱ्याला काय दिसत नाही, वर काढून उघडलं तर आत थोडं पाणी. मग सगळ्या ओ-रिंगा (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्या) बदलायच्या, ग्रीस थापायचं, पुढची एखादी डाइव्ह बरी जाते आणि परत तेच. काहींनी तर याच कारणावरनं यंत्र कपाटात ठेवून दिलंय आणि कामाला परत माणूसच उतरवायला लागलेत, ते मला अजिबात पटत नाही, त्याबद्दल खाली बोलतोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की रिंग बदलायच्या आधी आत किती पाणी सापडलं ते मोजा. अंदाजे नाही, मोजून. मेडिकलमधली 2 मिलीची सिरिंज घ्या, सुई काढा, पाणी ओढून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. त्या एका आकड्यावरनं निम्मं निदान होतं, कारण हवेतली वाफ गार होऊन किती पाणी देऊ शकते याला एक मर्यादा आहे आणि ती फार म्हणजे फारच कमी आहे.

हिशोब बघा. आरओव्हीचा बंद डबा म्हणजे चार इंची नळी, लांबी एक फूट धरली तर आत साधारण 2.4 लिटर हवा. 30 डिग्रीला हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरमधे 30 ग्रॅमच वाफ मावते. आपली हवा 75 टक्के दमट धरली तर त्या नळीत मिळून 0.054 ग्रॅम, म्हणजे एक थेंब. नळीत सर्किट, वायरी, बॅटरी असते त्यामुळं हवा त्याहून कमीच. म्हणजे सगळीच्या सगळी वाफ पाणी होऊन काचेला चिकटली तरी एक थेंब! तेव्हा डोम धुरकट झालाय पण खाली पाणी साठलेलं नाही तर ती वाफ असू शकते. चमचाभर पाणी असेल, अर्धा मिली जरी असेल, तर ते बाहेरनं आलंय, तिथं सिलिका जेलच्या पुड्या वाढवून उपयोग नाही. एक अपवाद लक्षात ठेवा, आत स्पंज, फोम, कागदी लेबल, नायलॉनचे थ्रीडी प्रिंटचे पार्ट असतील तर ते पावसाळ्यात ओल धरून ठेवतात आणि सर्किट गरम झालं की सोडतात, मग एकाचे दोन-तीन थेंब होऊ शकतात.

थेंबाबद्दलच शंका असेल तर तो थेंब स्वच्छ काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि सावलीत वाळू द्या. वाफेचं पाणी वाळलं की मागं काही राहत नाही. धरणाचं किंवा विहिरीचं पाणी वाळलं की पांढरट गोल डाग राहतो, आपल्याकडच्या पाण्यात क्षार कमी नाहीत. ग्रीस लागलेला थेंब घेऊ नका, त्याचा डाग वेगळाच पडतो आणि फसायला होतं.

आता वाफ असेल तर ती आली कुठनं. इथं सोलापूरची हवा समजून घ्यावी लागते. मे महिन्यात दुपारी 41-42 डिग्री असतं पण हवा इतकी कोरडी असते की ती हवा बंद करून 25 डिग्रीच्या पाण्यात नेली तरी दव पडत नाही, दव पडायला तिला अजून बरंच गार व्हावं लागतं. म्हणजे उन्हाळ्यात बाहेरच्या हवेत डबा बंद केलाय आणि तरीही डोम धुरकट होतोय तर सरळ लीकचा संशय घ्या. पण थांबा, डबा बंद कुठं केला ते आधी विचारा! उन्हाळ्यात घरात, वर्कशॉपमधे कूलर चालू असतो, आणि कूलर म्हणजे हवेत पाणीच सोडणारं यंत्र. कूलरसमोर बसून निवांत डबा बंद केला की आत 30 डिग्रीची 70 टक्के दमट हवा कोंडली जाते, तिला 24 डिग्रीच्या आसपास दव सुटतं, आणि धरणाच्या खोल पाण्यात तेवढा गारवा मिळाला की डोम पांढरा. मे महिन्यातली कितीतरी "लीक" ही कूलरची असतात. कूलर बंद करा, खिडकी उघडा, अर्ध्या तासानं डबा बंद करा, खर्च शून्य.

जुलै-ऑगस्टमधे बाहेरचीच हवा दमट, तिथं हा उपाय चालत नाही. तिथं व्हॅक्यूम पंपाचा वापर करा. डब्यातली हवा 10 इंच पाऱ्याइतकी ओढून घ्या, मग परत आत सोडताना ती सिलिका जेलमधनं जाऊ द्या. 20 मिलीच्या सिरिंजचं नळकांडं घ्यायचं, दोन्ही बाजूला कापसाऐवजी बारीक जाळी, मधे सिलिका जेल, झालं. एकदा ओढलं की साधारण एक तृतीयांश वाफ जाते, तीनदा केलं की आधीच्या पावभरापेक्षा थोडीच जास्त उरते. मग आत चार-पाच ग्रॅमची एक पुडी टाकली तरी पुष्कळ, मात्र ती पुडी दिवसभर उघडी पडलेली नसावी, रंग बदलला असेल तर ओव्हनमधे 110 डिग्रीला दोन-तीन तास वाळवून घ्या.

एवढं झालं वाफेचं. आता खरं लीक.

लीकमधे पहिला प्रश्न कुठनं आलं हा नसतो, कधी आलं हा असतो. उथळ पाण्यात की खोलात? कारण ओ-रिंगचं काम लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. खोलात दाब वाढला की पाणीच रिंगला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर दाबतं आणि रिंग फटीत जास्त घट्ट बसते. म्हणजे धड असलेली रिंग खोलात उथळापेक्षा चांगली धरते. उथळ पाण्यात, पहिल्या एक-दोन मीटरमधे रिंग फक्त स्वतःच्या दबलेपणावर उभी असते. त्यामुळं रिंगवर केस, धागा, वाळूचा कण असेल किंवा रिंग बारीक पडत असेल तर पाणी बहुतेक वेळा काठालाच शिरतं. खोलात गेल्यावरच पाणी येतंय, काठाला तासभर ठेवलं तरी कोरडं, असं असेल तर रिंगा सोडा आणि केबलींकडं बघा.

काठालाच पाणी शिरायला आपल्याकडं अजून एक कारण आहे, ऊन. आरओव्ही गाडीच्या डिकीत तापतो, आतली हवा 50 डिग्रीला जाते, तिथंच व्हेंट प्लग (हवा जायच्या भोकाचं बूच) लावला आणि थेट 26 डिग्रीच्या पाण्यात सोडला की आतली हवा आकसते, आतला दाब सात टक्क्यांहून जास्त पडतो. म्हणजे पाण्याच्या पाऊण मीटर उंचीइतका ओढा डब्याच्या आतनं लागतो, यंत्र अजून पाण्यावर तरंगत असताना! शिवाय अ‍ॅक्रिलिक अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तिप्पट आकसतं-फुगतं, त्यामुळं त्याच वेळी डोम आणि फ्लँज (नळीच्या तोंडाशी बसणारी अ‍ॅल्युमिनियमची कडी) एकमेकांवर सरकतात. रिंग नीट असेल तर हे सगळं ती सोसते, रिंगवर एक धागा आडवा पडला असेल तर तोच वातीचं काम करतो. उपाय सोपा, व्हेंट प्लग उघडा ठेवून यंत्र सावलीत गार होऊ द्या, वर ओलं फडकं टाका, फक्त प्लगच्या भोकापासनं ते लांब ठेवा, आणि प्लग अगदी शेवटी लावा.

धाग्याचं मुद्दाम सांगतो कारण मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. सोलापुरात हाताशी काय असतं? टॉवेल. घरोघरी, वर्कशॉपमधे, गाडीत, टेरी टॉवेलचा तुकडा असतोच आणि रिंग, खाच, फ्लँज सगळं त्यानंच पुसलं जातं. टेरीचा धागा सुटतो, ग्रीसला चिकटतो, आणि ग्रीसमधे तो डोळ्याला दिसत नाही. टॉवेल जगात भारी आहे आपला, पण ओ-रिंगला लावू नका. चष्म्याचं मऊ फडकं किंवा धागे न सुटणारे वाइप वापरा, आणि मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरून खाच बघा, समोरनं मारलेल्या उजेडात धागा दिसत नाही, आडव्यात लगेच चमकतो. रिंग बोटांमधनं फिरवत न्या, बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही.

ग्रीस सिलिकॉनचं, आणि नुसतं चमकण्याइतकं, थापलेलं ग्रीस कचरा गोळा करतं. रिंग नायट्राइल रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीस चालतं, रिंगच सिलिकॉनची असेल तर ती त्यानं फुगते. आणि अ‍ॅक्रिलिकला पेट्रोल, थिनर, स्पिरिट यातलं काही लावू नका. गॅरेजमधे सगळं पेट्रोलनं साफ करायची सवय असते पण अ‍ॅक्रिलिकला त्यानं केसासारख्या बारीक भेगा पडतात, आधी कडेला, मग त्या खाचेपर्यंत पोचतात आणि मग कितीही नवीन रिंग घाला. साबणाचं पाणी पुरतं.

रिंगेच्या मापाचं पण बघा. बाहेरनं मागवलेल्या बऱ्याच किटमधे इंची मापाच्या रिंगा असतात, जाडी 1.78, 2.62 किंवा 3.53 मिमी. दुकानात रिंग दाखवून "अशीच द्या" म्हटलं की 2.62 च्या जागी 2.5 ची मिळते, हातात घेतली तर फरक कळत नाही, खाचेत पण छान बसते. पण रिंग दबते तीच मुळात अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, त्यातनं 0.12 गेले म्हणजे जवळजवळ पाव भाग दाब गेला, तो पण नेमका काठाच्या उथळ पाण्यात जिथं गरज असते तिथं. वर्निअर (जाडी मोजायचं माप) नेऊन मोजून घ्या, रिंग न दाबता. मीटरवर मिळणारी दोरी कापून सुपर ग्लूनं जोडलेली रिंग तर नकोच, जोडाच्या जागी ती कडक होते. आणि वर्षभर उन्हात राहिलेली जुनी रिंग काढून बघा, गोल राहिली नसेल, दोन बाजूंनी सपाट झाली असेल तर ती गेली, परत वापरू नका.

व्हॅक्यूम टेस्ट सगळे करतात पण त्यात दोन ठिकाणी फसायला होतं. हातपंपानं 10 इंच ओढायचं आणि 15 मिनिटं काटा बघायचा, ही पद्धत चांगली आहे, पाण्यात सोडायच्या आधी दर वेळी कराच. फसगत पहिली, ऊन. 10 इंच ओढलेल्या डब्यावर सकाळचं ऊन आलं आणि आतली हवा 10 डिग्रीनं तापली तर काटा अर्ध्या इंचाहून जास्त खाली येतो, लीक नसताना. भीमानगरला (उजनी धरणापाशी) किंवा बॅकवॉटरच्या काठाला सावली मिळणं अवघड असतं मान्य आहे, पण मग टेस्ट घरी पहाटे करून निघा आणि काठावर फक्त प्लगची खात्री करा. दुसरी फसगत, 10 इंच पारा म्हणजे साधारण साडेतीन मीटर पाणी. टेस्ट पास झाली म्हणजे साडेतीन मीटरची खात्री झाली, वीस मीटरची नाही. शिवाय पंपाची नळी आणि तिचा जोडच बऱ्याचदा गळका असतो, आधी नळीचं तोंड बंद करून नुसता पंप काटा धरतो का बघा.

उलटं मात्र कधी करू नका, म्हणजे पंक्चर काढतात तशी आत हवा भरून टबात बुडबुडे शोधणं. फ्लँज बऱ्याच डब्यांत नुसत्या घर्षणावर बसलेला असतो, चार इंची झाकणावर आतनं अर्धा बार दाब म्हणजे चाळीस किलोचा धक्का, ते झाकण तोंडावर येतं.

ज्यांच्याकडं अर्डुसबवर (आरओव्ही चालवायच्या एका सॉफ्टवेअरवर) चालणारं यंत्र आहे त्यांना एक फुकटची सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. कंट्रोलरच्या बोर्डावर बॅरोमीटर असतो, तो डब्याच्या आतला दाब आणि तापमान पूर्ण डाइव्हभर लिहून ठेवतो. लॉग उघडा, दाबाला तापमानानं भागा, तापमान केल्विनमधे घ्यायचं म्हणजे सेल्सिअसमधे 273 मिळवून. डबा बंद असेल तर हा भागाकार पूर्ण डाइव्हमधे जवळपास सरळ रेषेत राहतो, सुरुवातीची काही मिनिटं सोडा कारण चिप आधी तापते. पाणी शिरलं की आतली हवा दबते आणि रेषा वर चढायला लागते. आत दीड लिटर मोकळी हवा असेल आणि 15 मिली पाणी आलं तर एक टक्का, म्हणजे जवळपास 10 हेक्टोपास्कल, स्पष्ट दिसतं. आणि रेषा कुठल्या खोलीला वर वळली ते बघितलं की वरचा "कधी आलं" हा प्रश्न सुटतो, अंदाज करायचं कामच नाही.

आता खोलातलं लीक. इथं गुन्हेगार बहुतेक वेळा केबल असते. केबलच्या वरच्या आवरणाला कुठंही बारीक भोक पडलं की पाणी आत शिरतं आणि तारांच्या मधल्या फटीतनं, आवरणाच्या आतल्या आत, सरकत सरकत डब्यात येऊन थेंब थेंब पडतं. भोक डब्यापासनं चार मीटर दूर असू शकतं! म्हणून पेनेट्रेटरचं (केबल डब्यात शिरते तिथल्या बुचाचं) एपॉक्सी कितीही छान असलं तरी उपयोग होत नाही, पाणी एपॉक्सीतनं नाही, केबलच्या पोटातनं येतंय. बॅकवॉटरच्या काठाला वेडी बाभूळ माजलीय, टेदर (यंत्राला वर जोडणारी लांब केबल) जमिनीवरनं ओढत नेला की काटा आवरणात घुसतो आणि वर काही दिसत पण नाही. टेदर काठावर ताडपत्री टाकून त्यावरच ठेवा आणि गुंडाळताना बोटांच्या चिमटीतनं पूर्ण लांबी जाऊ द्या, काटा बोटाला लागतो. थ्रस्टरच्या (यंत्र ढकलणाऱ्या पंख्यांच्या) वायरी पण तशाच तपासा, जलपर्णीची मुळं पंख्यात अडकल्यावर लोक सुरीनं कापतात आणि वायरीला सुरी लागते.

कुठली केबल ते शोधायला डब्याच्या आत प्रत्येक पेनेट्रेटरच्या बुडाशी टिश्यू पेपरची वेगवेगळी पट्टी गुंडाळा, रबरबँड लावा, आणि पट्टीवर ज्या शाईचं पेन पाण्यात फुटतं त्यानं नंबर लिहा. डाइव्हनंतर ज्याची शाई पसरली तो सापडला. हे करायला यंत्र धरणात न्यायची गरज नाही, पंधरा-वीस मीटर पाणी असलेली विहीर आपल्या भागात शोधली तर मिळते. सर्किट आणि बॅटरी काढून घ्या, डबा आणि केबली तेवढ्या ठेवा, केबलींची बाहेरची टोकं वर बांधू नका तर वापरात असतात तशी पाण्यातच राहू द्या, टेदर मात्र जेवढा पुरेल तेवढा. डबा बुडायला आतल्या हवेच्या हिशोबानं तीन-चार किलो वजन लागेल, दोर चांगला घ्या, तासभर खाली ठेवा. केबल सापडली की डागडुजी करू नका, टेप तर नाहीच, ती केबल बदला नाहीतर भोकाच्या अलीकडं कापून नवीन पेनेट्रेटर बसवा आणि एपॉक्सी पूर्ण वाळू द्या.

मोठ्या, समुद्रातल्या कामाच्या आरओव्हीत बऱ्याच डब्यांत हवाच नसते, तेल भरलेलं असतं आणि त्याचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, त्यामुळं फट पडली तरी तेल बाहेर जातं, पाणी आत येत नाही. आपल्या छोट्या यंत्रात कॅमेरा आणि साधे बोर्ड असल्यानं हवेचा डबाच राहणार, म्हणून हा सगळा खटाटोप.

लीक झालेला डबा उघडताना सांभाळून. खोलात पाणी शिरलं की आतली हवा दबलेली असते, आणि वर आल्यावर तो दाब आतच अडकून राहू शकतो. आधी व्हेंट प्लग हळू सैल करा, तोंड बाजूला ठेवा, मग डोमला हात लावा. बॅटरीच्या डब्यात पाणी गेलं असेल तर ती बॅटरी चार्ज करू नका, घरात ठेवू नका, मोकळ्या जागेत लांब ठेवा, वाळल्यावर चालली तरी नको.

आणि माणूस उतरवण्याबद्दल. जॅकवेलच्या जाळीपाशी, गेटच्या फटीपाशी दोन बाजूंच्या पातळीत फरक असतो. फूट बाय फुटाचं भोक आणि पाच मीटरचा फरक म्हणजे साडेचारशे किलोहून जास्त ओढ, तिथं हात किंवा पाय गेला तर वरनं दोर ओढून सुटत नाही, आणि गढूळ पाण्यात ती ओढ जवळ जाईपर्यंत कळत नाही. कमर्शियल डायव्हिंगमधे यानं अनेक जीव गेलेत. यंत्र अडकलं तर यंत्र गेलं. म्हणून थेंबभर वाफेला लीक समजून आरओव्ही बाजूला ठेवला जातो आणि त्याच्या जागी एखादा पोरगा सूट घालून खाली जातो, ते मला सहन होत नाही.

एवढं करूनही पाणी येतच असेल तर विचारा, पण विचारताना हे सोबत सांगा: सिरिंजनं मोजलेलं पाणी किती मिली, काचेवर डाग राहिला का, डबा कुठं आणि किती वाजता बंद केला, कूलर चालू होता का, जास्तीत जास्त खोली किती, रिंगेची वर्निअरनं मोजलेली जाडी, कुठली टिश्यूची पट्टी ओली झाली, आणि दाबाचा लॉग असेल तर तो. नुसतं "परत पाणी आलं" एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.